मुंबईचा पियानो, मॉस्कोचा स्वर

दापोड्यात गोदामांचा व्यवसाय असलेल्या घरांत मुलांना की-बोर्डच्या वर्गाला पाठविणे आता नवे राहिलेले नाही. दहावीचे वर्ष आले की मात्र वर्ग सुटतो आणि वाद्य कपाटावर जाते. आईवडिलांचा हेतू वाईट नसतो; ‘यातून पुढे काय?’ हा प्रश्न व्यापारी घरात स्वाभाविकच आहे. परंतु बोटांना वळण लागण्याचे वय नेमके तेच. झुबिन मेहता यांनी वैद्यकीय शिक्षणाची वाट सोडून १९५४ साली मुंबईहून व्हिएन्ना गाठले, तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते.

मेहता वाद्यवृंदाचे संचालक झाले. परवेझ मोदी यांनी पियानोच धरला. त्यांचे आरंभीचे शिक्षण मुंबईत फरीदा दुबाश यांच्याकडे झाले. पियानोचे मुंबईच्या हवेशी फारसे जमत नाही. आत सुमारे २३० तारा, त्यांचा कित्येक टनांचा ताण आणि खाली लाकडी फलक. पावसाळ्यात लाकूड फुगते, स्वर ढळतात. दमट हवेत माल सांभाळणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. अशा शहरातून मोदी मॉस्कोच्या चायकोव्हस्की संगीतविद्यालयात गेले, पुढे जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे फॅनी सोल्टर यांच्याकडे शिकले आणि जर्मनीतच राहिले.

एकल पियानोवादकाने समोर स्वरलिपी न ठेवता वाजवावे, असा पाश्चात्त्य संगीतातील रूढ संकेत आहे. सामायिकाची ४८ मिनिटे चित्त स्थिर ठेवणे किती कठीण, हे जाणणाऱ्याला दीड-दोन तासांच्या त्या एकाग्रतेची कल्पना येईल. त्यातही लोकप्रिय रचनांवर मैफली भरविण्याचा मार्ग सोपा होता. मोदींनी रशियन रचनाकार अलेक्झांडर स्क्रियाबिन यांचे समग्र पियानो-संगीत ध्वनिमुद्रित करावयास घेतले. त्याचे अनेक खंड थोरोफोन या जर्मन कंपनीने प्रसिद्ध केले आहेत. स्क्रियाबिनच्या १० सोनाटा आहेत. उत्तरार्धातील काही तर ऐकणाऱ्याचीही परीक्षा पाहतात. गल्ल्याचा विचार करणारा माणूस या कामाच्या वाटेस गेला नसता.

स्क्रियाबिन स्वतः पियानोवादक. विद्यार्थिदशेत अतिरिक्त सरावाने त्यांचा उजवा हात जायबंदी झाला. वैद्यांनी आशा सोडली होती. त्यांनी सराव सोडला नाही. एकट्या डाव्या हातासाठी दोन रचना लिहिल्या, त्या आजही वाजविल्या जातात. उजवा हात पुढे सावरला. नंतर थिऑसफीच्या वाचनातून त्यांना भारताची ओढ लागली. हिमालयाच्या पायथ्याशी मंदिर उभारून तेथे सात दिवस चालणारा ‘मिस्टेरियम’ हा संगीतविधी करावयाचा, असा त्यांचा संकल्प होता. १९१५ साली ओठावरील फोडाचे विष रक्तात भिनले आणि वयाच्या ४३व्या वर्षी मॉस्कोत त्यांचा अंत झाला. भारतात त्यांना येता आले नाही. ‘मिस्टेरियम’ची पूर्वतयारी म्हणून योजलेल्या रचनेचे काव्य आणि काही स्वरलेखन तेवढे मागे उरले.