जिवाणी आणि सिंभोऱ्याचं पाणी



विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. १९९२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणासाठी उठवलेल्या गावकऱ्यांची आहे. लेखक स्वतः प्रशासनात अधिकारी होते, त्यामुळे कागद कुठे अडतो आणि माणूस कुठे मोडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. वाचताना डोळे भरून येतात. पण पुस्तक मिटून डोळे पुसले की आपलं काम संपलं, असं मला वाटत नाही.

अमरावतीत आपल्या नळाला येणारं पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं, अप्पर वर्धा धरणाचं. त्या पाण्याखाली माणसांची घरं, शेतं, विहिरी गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथले प्रकल्पग्रस्त शेतकरी मागण्या घेऊन थेट मुंबईला मंत्रालयात गेले आणि तिथल्या संरक्षक जाळीवर उतरले. म्हणजे कादंबरीतलं दुःख आपल्या माठापर्यंत आलेलं आहे.

आपण पाणी गाळून पितो. गाळणं उलटं करून जिवाणी जिथल्या पाण्याची तिथेच सोडायची, हे आजी-सासूबाईंनी शिकवलं. एका विहिरीचा जीव दुसऱ्या विहिरीत जगेलच असं नाही, म्हणून. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचंही स्वतःचं ठिकाण असतं, हे ज्या घरात लहानपणीच कळतं, त्या घरात “सरकारनं पैसे दिले ना त्यांना, आणखी काय पाहिजे?” हे वाक्य शोभत नाही. आणि ते मी लग्नाकार्यात कितीदा तरी ऐकलं आहे.

पैसे जमिनीचे मिळतात. अडल्यानडल्याला धावणारा शेजार, लेकीचं माहेर, याचा मोबदला कोण मोजणार?

मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचावा, हे आपल्याला मनापासून पटतं. पण त्यासाठी कोरकूंची गावं उठून अकोला जिल्ह्यात, अकोटकडे आली. काहींचा नव्या जागी जीव रमेना, ते परत जंगलात गेले. जीवदयेतही कुणाचं तरी घर मोडतं, हे आपणच आधी बोललं पाहिजे.

आपल्याकडे कर्म तीन वाटांनी बांधलं जातं : कृत, कारित, अनुमोदित. धरण आपण बांधलं नाही, गाव उठवा म्हणून सांगितलं नाही. पण त्या वाक्याला मान डोलावली की अनुमोदना झालीच.

येत्या चातुर्मासात महिला मंडळाची एक दुपार ‘झाडाझडती’साठी ठेवा. उठवलेल्या गावातली एखादी बाई ओळखीची असेल तर तिला बोलवा. हातात साडी-चोळी ठेवण्याआधी तिला विचारा, “बाई, तुमचं गाव कोणतं होतं?” आणि मग मधे न बोलता ऐका.