साठ धावांचे ओझे

२६ डिसेंबर २०२४ रोजी पहाटे पाच वाजता ज्यांनी दूरचित्रवाणी संच लावला, त्यांना सॅम कॉन्स्टस हे नाव वेगळे सांगायला नको. मेलबर्नच्या मैदानावर सत्त्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक, मालिका एक-एक अशी बरोबरीत, आणि जसप्रीत बुमराच्या हातात नवा चेंडू. समोर सलामीला आलेला हा मुलगा अवघा १९ वर्षे ८५ दिवसांचा. दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार उस्मान ख्वाजा, वय ३८, म्हणजे बरोबर दुप्पट! पहिल्याच षटकात बुमराचे चेंडू बॅटच्या कडेला चाटतील न चाटतील असे जात होते. पोरगा फार वेळ टिकत नाही, असे आपल्याकडे घरोघरी म्हटले गेले असेल.

आणि मग त्याने ते सुरू केले. यष्टींसमोर वाकायचे, बॅट ओंजळीसारखी खाली धरायची आणि बुमराचा चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मागे भिरकावून द्यायचा! कसोटीत जवळजवळ चार वर्षे बुमराला कोणी षटकार मारला नव्हता. या मुलाने एका सकाळीत दोन मारले. एका षटकात १८ धावा गेल्या. बुमराच्या कसोटी कारकिर्दीतले ते तोवरचे सर्वांत महागडे षटक. विराट कोहलीसारख्या ज्येष्ठाचाही तोल गेला. चालता चालता त्याने पोराला खांदा मारला आणि सामन्याच्या मानधनातली वीस टक्के रक्कम दंडापोटी गमावली. रवींद्र जडेजाने पायचीत केले तेव्हा कॉन्स्टसच्या नावावर ६५ चेंडूंत ६० धावा होत्या.

या साठ धावांचे कौतुक भरपूर झाले. त्या कशासाठी मागवल्या होत्या, याचा विचार मात्र कमी झाला. कॉन्स्टसच्या आधी नेथन मॅकस्वीनी सलामीला होता. तीन कसोटींत त्याच्या ७२ धावा झाल्या आणि बहुतेक वेळा बळी बुमराचाच. निवड समितीला भिंत बांधणारा गवंडी नको होता. बुमराची लय बिघडवील असा एखादा अवलिया हवा होता. कॉन्स्टसची निवड अगदीच वाऱ्यावरची होती असे नाही. त्याच मोसमात शेफील्ड शील्डच्या एका सामन्यात त्याने दोन्ही डावांत शतके ठोकली होती. रिकी पाँटिंगनंतर इतक्या लहान वयात हे कोणाला जमले नव्हते. म्हणजे नेटका, तासन् तास खेळणारा फलंदाज त्याच्यात होताच. पण जगाने पाहिला तो दुसराच, आणि टाळ्याही मिळाल्या त्या दुसऱ्यालाच. एकोणीस वर्षांच्या मुलाने यातून काय धडा घ्यावा?

दुसऱ्या डावात बुमराने आत येणाऱ्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडवला, धावा ८. सिडनीत २३ आणि २२. तिथे पहिल्या दिवसाचा खेळ संपता संपता त्याने बुमराशी नको ती शाब्दिक चकमक केली. पुढच्याच चेंडूवर, दिवसाच्या शेवटच्या, बाद झाला तो बिचारा ख्वाजा. ऑस्ट्रेलियाने मालिका ३-१ अशी जिंकली म्हणून हे सारे खपून गेले.

मग श्रीलंकेत फिरकीपुढे त्याला बाहेर बसवून ट्रॅव्हिस हेडला सलामीला पाठवले. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवरच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ती जागा मार्नस लाबुशेनला दिली. तिथून थेट वेस्ट इंडीजचा दौरा आणि पुन्हा कॉन्स्टस! डेव्हिड वॉर्नर जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाल्यापासून स्टीव्ह स्मिथ, मॅकस्वीनी, कॉन्स्टस, हेड, लाबुशेन अशी ही संगीतखुर्ची चालली होती.

वेस्ट इंडीजमधल्या खेळपट्ट्यांवर चेंडू कधी उसळत होता, कधी खाली राहत होता. तीन कसोटींत दोन्ही बाजूंनी मिळून एकही शतक झाले नाही. किंग्स्टनला तर यजमानांचा संघ २७ धावांत गारद झाला. अशा ठिकाणी कॉन्स्टसच्या धावा ३, ५, २५, ०, १७ आणि ०. सहा डावांत पन्नास. त्यातल्या ५ धावांसाठी तो चाळिसेक चेंडू चाचपडत होता. मेलबर्नला तेवढ्या चेंडूंत त्याने सामन्याचा रंग पालटला होता. आक्रमण करावे तर बेजबाबदार म्हणतील, थांबावे तर हात बांधल्यासारखे वाटते, या कात्रीत तो सापडल्याचे दिसत होते. तलवार म्हणून आणलेल्या मुलाला तुम्ही ढाल म्हणून पुढे केले आणि तडा गेला म्हणून फेकून दिलेत, असे निवड समितीला सुनावावेसे वाटते.

हे आपल्याला नवे नाही. मुंबईच्या पृथ्वी शॉने २०१८ मध्ये राजकोटला पदार्पणातच १३४ धावा काढल्या तेव्हा आपण त्याला कोणाकोणाच्या पंगतीला बसवले होते, आठवून पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला तो ० आणि ४ धावांवर बाद झाला. ती त्याची पाचवी कसोटी. त्यानंतरच्या पाच वर्षांत सहावी त्याच्या वाट्याला आली नाही. शॉच्या बाबतीत स्वतःच्या चुकाही होत्या, हे खरे; पण एका खेळीवरून गादीवर बसवण्याची घाई आपलीच होती.

ऑस्ट्रेलियाकडे उलट उदाहरणेही आहेत. १९८५ मध्ये याच मेलबर्नवर, याच २६ डिसेंबरला, भारताविरुद्धच स्टीव्ह वॉने पदार्पण केले. धावा १३ आणि ५. पहिल्या शतकासाठी त्याला सत्ताविसावी कसोटी उजाडावी लागली. अर्थात तो गोलंदाजीही करी आणि तेव्हाचा संघ दुबळा होता, म्हणून ही चैन परवडली. मॅथ्यू हेडनची गोष्ट कॉन्स्टसला अधिक जवळची. बाविसाव्या वर्षी, १९९४ मध्ये, जोहान्सबर्गला तो १५ आणि ५ धावा काढून गेला आणि पुढची कितीतरी वर्षे आत-बाहेर करीत राहिला. २००१ मध्ये भारतात येऊन त्याने झाडूसारखी बॅट फिरवत स्वीपवर आपल्या फिरकीची पिसे काढली, तीन कसोटींत ५४९ धावा! तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॉन्स्टस लखनौला आला आणि भारत 'अ' संघाविरुद्ध १०९ धावा काढून गेला. टीव्हीसमोर पहाटे कोणी उठले नव्हते. दोन महिन्यांनी पर्थला ॲशेस सुरू झाली, तेव्हा सलामीच्या त्या जागेवर पदार्पण केले जेक वेदराल्डने, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. कॉन्स्टसला नुकतेच विसावे पूर्ण झाले होते.