इंदूरच्या पाण्याला मानवणारी उंच वनस्पती

घरच्या फिश टँकची मागची बाजू झाकायला उंच, पण फारशी उस्तवार न मागणारी जिवंत वनस्पती कोणती लावावी, या प्रश्नाला माझ्यापाशी एकच उत्तर आहे आणि ते मी ठामपणे देतो: व्हॅलिस्नेरिया. फितीसारखी लांब, अरुंद, हिरवी पानं असलेली ही वनस्पती आपल्या देशातल्या तळ्यांत आणि कालव्यांत आपसूक वाढते. तिला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही, की महागडी माती लागत नाही. तरीही दुकानात गेलेला माणूस लाल-जांभळ्या पानांच्या जुड्या घेऊन येतो आणि महिन्याभरात टाकीच्या तळाशी नुसता लगदा उरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पैसे जातात ते जातातच, पण कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यात अमोनिया वाढतो आणि त्रास माशांना होतो.

वनस्पती निवडायची ती आपल्या घरच्या पाण्याकडे बघून. इंदुरात पाणी दोन तऱ्हांचं. एक नर्मदेचं, 1978 पासून जलूदहून सुमारे 70 किलोमीटरचा चढ चढून येणारं. दुसरं बोरिंगचं, माळव्याच्या काळ्या बसाल्ट खडकातून उपसलेलं. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या टबात दिवसभर ठेवून मगच टाकीत घालावं, किंवा दुकानात मिळणारे हायपोचे खडे वापरावेत. बोरिंगचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो त्यातलाच.

या जड पाण्याला शौकीन लोक घाबरतात. खरं तर व्हॅलिस्नेरियाची ताकद इथेच दिसते. बहुतेक नाजूक पाणवनस्पती पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवरच जगतात, आणि साध्या टाकीत तो अगदी थोडा असतो. व्हॅलिस्नेरिया मात्र जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून स्वतःला लागणारा कार्बन काढून घेते. चांगला प्रकाश असलेल्या टाकीतलं तिचं पान कधी बोटांनी चोळून पाहा. त्यावर बारीक, खरखरीत पांढरी पूड लागते. पानाने बायकार्बोनेट वापरल्यावर मागे राहिलेला तो चुना. पान आजारी पडलंय असं समजून कोणी औषधं ओतू नयेत.

उलट रोटाला मॅक्रँड्रासारखी लालभडक वनस्पती दक्षिण भारतातलीच, म्हणजे देशीच; पण तिला मऊ पाणी, भरपूर प्रकाश आणि वरून गॅस लागतो. देशी आहे म्हणजे सोपी आहे, असं समजू नये.

दुकानातली एक गोष्ट मला फार खटकते. पाण्यात बुडवून विकायला ठेवलेल्या कित्येक वनस्पती मुळी पाण्यातल्या नसतातच. ‘लकी बांबू’ ही ड्रॅसिना आहे, जमिनीवरची. जांभळ्या पानांची हेमिग्राफिस कुंडीतली. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतील तर लकी बांबू वर्षानुवर्षं टिकतो. पूर्ण बुडवला की हळूहळू सडतो. घेण्याआधी रोप पाण्याबाहेर काढायला सांगा. पाण्याखालीच वाढलेल्या वनस्पतीला स्वतःचा भार पेलायची सवय नसते, ती हातात लुळी पडते. ताठ उभं राहणारं, चिवट, चकचकीत पान दिसलं तर नीट चौकशी करा. काही खऱ्या पाणवनस्पती नर्सरीत पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे ही कसोटी शंभर टक्के नाही. पण फसवणूक बरीच टळते.

आता लावणी. रोप घरी आणल्यावर बुंध्याला गुंडाळलेली शिशाची पट्टी किंवा स्पंज काढून टाका. लाल दवेच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा, म्हणजे गोगलगायी सोबत येण्याची शक्यता कमी होते. तळाला दोन इंच धुतलेली जाड रेती पुरे. संगमरवराची पांढरी खडी नको. तिच्यावर लिंबू पिळलं की फेस येतो, म्हणजे तीही पाण्यात चुना सोडणार, आणि बोरिंगच्या पाण्यात तो आधीच भरपूर आहे. रोप रेतीत खोचताना मुळं पूर्ण आत जाऊ द्या, पण जिथे पांढरा बुंधा संपून हिरवं पान सुरू होतं तो सांधा रेतीच्या वर राहायला हवा. तो पुरला गेला की रोप आतून कुजतं. सगळ्या लावणीत हात जपून चालवायचा तो एवढ्याच ठिकाणी.

पहिले दोन आठवडे जुनी पानं विरघळतील. उपटू नका. मधून नवं पान निघतं आणि मग रेतीवरून धावरे सुटतात, प्रत्येक धावऱ्याच्या टोकाला नवं रोप. बाटलीत मिळणारं ‘लिक्विड कार्बन’ मात्र या टाकीत घालू नये. त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं आणि व्हॅलिस्नेरियाची पानं त्याने विरघळतात.

उंचीचा हिशोब आधी करावा. आपल्याकडे घरोघरी दिसणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असते. तिच्यात साधी व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस पुरते. पानं वर पोचून पृष्ठभागावर आडवी पसरतात आणि माशांना सावली मिळते. जायंट म्हणून विकली जाणारी जात मीटरभराहून लांब होते. ती दोन फूट खोल टाकीसाठीच.

जोडीला काही हवं असेल तर हॉर्नवर्ट घ्या. त्याला मुळंच नसतात, नुसतं सोडून द्यायचं. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही आपल्या देशातली झपाट्याने वाढणारी जात. फक्त दर पंधरवड्याला कात्री लावावी लागते. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस हीही आपलीच, उंच आणि संथ. जागा बदलली की रुसते, म्हणून एकदा लावली की हलवायची नाही. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, कितीही सुंदर असला तरी त्याचा कंद खणून आणू नका. तो सह्याद्रीबाहेर कुठेही आढळत नाही.

प्रकाश दिवसाला सहा ते आठ तास, एलईडी चालेल. खिडकीचं ऊन नको, त्याने काचेवर शेवाळ चढतं. खताचीही घाई नको. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि ती जगभर गेली. पण ते खत शेताचं, टाकीचं नव्हे. टाकीत माशांची विष्ठा हेच खत.

एवढं जमलं तर कधीतरी फुलंही दिसतील. नराची फुलं बुंध्यापाशी तयार होतात, सुटून बुडबुड्यासारखी वर येतात आणि पाण्यावर तरंगत उमलतात. मादीचं फूल दोऱ्यासारख्या लांब देठावर पृष्ठभागापर्यंत चढतं. परागण झालं की तो देठ वेटोळं घालत फळाला खाली खेचून नेतो. घरच्या टाकीत मात्र बी सहसा धरत नाही, कारण सगळी रोपं एकाच आईच्या धावऱ्यांची, म्हणून एकाच लिंगाची असतात.

वाढ दांडगी असल्यामुळे उपटलेल्या रोपांचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. मित्रांना द्या. तळ्यात टाकू नका. 1950 च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलेल्या आपल्या हायड्रिलाने तिथले कालवे गच्च भरून टाकले. केरळच्या कालव्यांत दक्षिण अमेरिकेची कॅबोम्बा गुलाबी फुलांनी पसरली आणि लोक फोटो काढायला धावले. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत, 2025 मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. टाकीतली वनस्पती देशी असली, तरी तिच्यासोबत परक्या गोगलगायी आणि रोग जाऊ शकतात. तेव्हा छाटलेली पानं आणि जास्तीची रोपं ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाका. तिथून ती देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये जातील.