मणका सरकला म्हणजे नेमकं काय झालं?

हल्ली दर चार-पाच रील सरकवली की एक मान मोडण्याचं येतंच. पालथा पडलेला माणूस, पाठीजवळ माइक, पांढरा कोट घातलेला कोणीतरी त्याच्या हनुवटीला पट्टा लावून मान हिसडतो. कडाकड आवाज. पेशंट आधी किंचाळतो, मग हसतो, मग उठून चालून दाखवतो. खाली कमेंट्स ठरलेल्या: "सर, पुण्यात कुठे बसता?", "नाशिकला कॅम्प कधी?", "आईचे गुडघे पण होतील का?"

हे कायरोप्रॅक्टिक आपल्याकडे एवढं पटकन रुजलं याचं मला नवल वाटत नाही. त्याची भाषा आपल्याकडे आधीपासून होतीच. उसण भरली, लचक भरली, चमक निघाली, नस चढली, मणका सरकला. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणारे अजूनही गावोगावी आहेत, हाडवैद्यही आहेत. "सरकलंय, बसवून देतो" हे वाक्य आपल्याला लगेच पटतं. फरक एवढाच की पायाळू मावशी पाय लावायचे पैसे घेत नव्हत्या आणि चोवीस सिटिंगचं पॅकेजही देत नव्हत्या.

आता मुद्द्याचं. मणका असा येता-जाता सरकत नाही. दोन मणक्यांमध्ये चकती, मागे सांधे, भोवती जाड अस्थिबंध आणि स्नायू, असं ते घट्ट बांधकाम आहे. मणका खरोखर पुढे घसरण्याचा आजार असतो (स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात त्याला), पण तो एक्स-रेमध्ये सरळ दिसतो आणि हिसडा देऊन मागे जात नाही. आणि तो कडाकड आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडतानाचं एमआरआय चित्रणच करून दाखवलंय. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. माइक मात्र त्याच्यासाठीच लावलेला असतो.

या विद्येचं मूळही बघण्यासारखं आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. आधी त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी म्हणे त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्डच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं. गंमत अशी की ऐकू येण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ती कवटीच्या आतल्या आतच कानातून मेंदूत जाते. पण पामरनी त्यावर सिद्धांत उभा केला की पंचाण्णव टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. त्या सरकण्याला त्यांनी सबलक्सेशन म्हटलं.

पुढे काय झालं? ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी स्वतःची कायदेशीर परिषद आहे. त्या परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केलं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि त्यामुळे आजार होतात याला संशोधनाचा आधार नाही. म्हणजे हे विरोधकांनी म्हटलेलं नाही, घरातल्यांनीच म्हटलंय. त्याच सुमारास विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी लहान मुलांच्या पोटशुळावर आणि दम्यावर असल्या उपचारांचे दावे केले जातात म्हणून टीका केली, तर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. दोन वर्षांनी तो मागे घ्यावा लागला, आणि त्या प्रकरणाने पेटलेल्या चळवळीतून तिथला बदनामीचा कायदा २०१३ मध्ये बदलला.

म्हणजे सगळं थोतांड का? नाही, तसं मी म्हणत नाही. साध्या कंबरदुखीत हाताने दिलेल्या अशा उपचाराचा थोडा उपयोग होतो असं दिसलंय. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला आजार समजावून सांगणं, मानसोपचाराच्या काही पद्धती यांच्याबरोबर मणक्यावरचे हस्तोपचारही आहेत. त्याच सूचनांमध्ये कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नको म्हटलंय, जे आपल्याकडे अर्ध्या घरांत माळ्यावर पडलेलं असतं. पण हा उपयोग माफक आहे. अचानक धरलेली कंबर तर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटते. तेवढ्यात जो कोणी उपचार करत असतो, श्रेय त्याला.

एमआरआयचंही तसंच. "हे बघा, तुमची डिस्क बाहेर आलीय" असं दाखवलं की माणूस अर्धा खचतो. पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, ऐंशीतल्या ८४ टक्के. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. त्या चित्राकडे बोट दाखवून कोणी पॅकेज गळ्यात मारत असेल तर तो मणका विकत नाहीये, भीती विकतोय.

मला खरी काळजी वेगळी आहे. आपण आयोवात राहत नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हाडाचा टीबी सर्वांत जास्त मणक्यातच होतो. त्याची सुरुवात कशी होते? पाठ दुखते. संध्याकाळी कणकण येते, भूक जाते, वजन उतरतं, रात्री दुखणं वाढतं. खोकला असेलच असं नाही. अशा किडलेल्या मणक्याला हिसडा दिला तर तो खचू शकतो आणि माणूस कमरेखाली लुळा पडू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, वेळेत सुरू झालं तर बहुतेक बरे होतात. रीलमधल्या त्या कॅम्पमध्ये "ताप येतो का, वजन कमी झालंय का" एवढं तरी कोणी विचारतं का? आमच्या ओळखीतल्या एका काकूंना एका सेंटरने पाच सिटिंग दिल्या, ताप कोणीच विचारला नाही. निदान शेवटी सुनेने ओढून नेलं म्हणून झालं. काकू आता ठीक आहेत.

दुसरी भीती वाढत्या मुलींची. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, हे खरंखुरं वाकडेपण. दहा-बारा वर्षांच्या मुलींमध्ये ते झपाट्याने वाढू शकतं, आणि वाढीची ती दोन-तीन वर्षं फार मोलाची असतात. २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेला नाही, न घातलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ती वर्षं "दर शनिवारी सरळ करून देतो" यात गेली तर पुढे पर्याय ऑपरेशनचाच उरतो. आणि मान! मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात. जोरात पिळल्यावर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. क्वचित होतं, मान्य. पण नुसत्या आखडलेल्या मानेसाठी तो धोका पत्करायचा का, हे आधी विचारण्याचा हक्क पेशंटला आहे.

आता कायदा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितलं की कायरोप्रॅक्टरचं पूर्ण शिक्षण चार वर्षांचं, किमान ४२०० तासांचं असावं. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग कायदा आला. त्याच्या दहा प्रवर्गांत फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, आहारतज्ज्ञ आहेत. कायरोप्रॅक्टिकचा प्रवर्ग नाही. परदेशातून रीतसर शिकून आलेले मोजके लोक आणि आठवडाभराच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावणारे, दोघांच्या पाटीवर एकच शब्द. पेशंटने ओळखायचं कसं?

आणि आपण भांडतोय कशावर? सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असं केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने पत्र काढलं, दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. दोन्ही बाजूंनी किती शाई आणि डेटा खर्च झाला! साडेचार वर्षं शिकून, परिषदेत नोंदणी करून काम करणाऱ्यांच्या पदवीवर राष्ट्रीय चर्चा, आणि काहीच न शिकता मान हिसडणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. ही प्राधान्यं मला कळत नाहीत.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीने हे सगळं हॉटेलच्या खोल्यांतल्या कॅम्पमध्ये जाईल, तसं ते आत्ताही आहेच. पण राज्याच्या आरोग्य खात्याला दोन गोष्टी आजच जमतील. मणक्यावर हात ठेवणाऱ्या प्रत्येकाने पदवी आणि नोंदणी क्रमांक पाटीवर लिहायचा, नसेल तर "नोंदणी नाही" असं लिहायचं. आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या मणक्याला हात लावायचा नाही. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळाचा व्हिडिओ गाजल्यावर २०१९ मध्ये तिथल्या मंडळाने कायरोप्रॅक्टरांना हेच बजावलं होतं.

जाहिरातींसाठी तर नवा कायदाही नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी स्वतःची पात्रता सांगावी, अशा सूचना ग्राहक व्यवहार खात्याने ऑगस्ट २०२३ मध्येच काढल्यात. "मणका बसवला की थायरॉइड, शुगर, मूल न होणं सगळं बरं" असं म्हणणारं रील दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

"मला तर एका सिटिंगमध्ये फरक पडला" अशा कमेंट येणार, येऊ द्या. पडला असेल, आनंद आहे. फक्त त्या सेंटरने हात लावण्याआधी तुम्हाला काय काय विचारलं, तेही लिहा. ताप, वजन, लघवीवरचा ताबा, पायातली बधिरता, रक्त पातळ करण्याची गोळी, हाडांचा ठिसूळपणा. यातलं काहीच विचारलं नसेल तर तसं लिहा. आणि कृपया चांगल्या सेंटरचा नंबर इथे मागू नका.