आवाज लावू नका

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच शिक्षक केरळात, मुन्नारच्या पुढे, पांबाडुम शोलात पोहोचलो. शोला म्हणजे उंच डोंगरांच्या घळींत वाढणारं बुटकं, शेवाळलेलं जंगल. पाऊस नसला तरी झाडं ठिबकत असतात. ढगच पानांवर अडकून पाणी होतात.

पाहायची होती शोलाकिळी. चिमणीएवढी, गडद निळी, पोट पांढरं. पालघाट खिंडीच्या उत्तरेला, निलगिरीत, तिची तांबूस पोटाची बहीण राहते. मधली खिंड दोघींनाही ओलांडवत नाही.

धुक्यात दोन तास गेले. आमच्यातल्या आपा यंदा निवृत्त होणार, गुडघे दुखरे. पुन्हा येणं कठीणच. म्हणून आम्ही वाटाड्याला म्हटलं, मोबाईलवर तिचा आवाज लावा, येईल. तो नको म्हणाला. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी शिरला असं समजून ती खाणंपिणं सोडून धावत येते, उगाच दमते. खरं सांगायचं तर आम्हाला रागच आला. वर्गात मुलांना सब्र शिकवणारे आम्ही!

आपा दगडावर बसून राहिल्या. आम्ही चहासाठी पुढे निघालो. तेवढ्यात ती पायवाटेवर उतरली आणि पालापाचोळा उलटू लागली.

पाहिली ती एकट्या आपांनी.