टर्बोची गाडी

चाकणच्या बाजारात बैल घ्यायचा तर आमचे वडील आधी त्याचे दात पाहत, मग त्याला चार पावले चालवीत आणि शेवटी विकणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसत. आता त्याच चाकणला मोटारींचे कारखाने झाले, आणि मोटारीला दात नसतात. तेव्हा २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या धाकट्या बंधूंनी जुनी गाडी घ्यायचे काढले, तेव्हा आम्ही दोघेही बावचळलो.

गाडी मात्र हवीच होती. आमचे पारगाव आंबेगाव तालुक्यातले, भीमाशंकर साखर कारखान्याचे. गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला अशा चाकोऱ्या पाडतात की बुटकी मोटार पोटावर सरपटत जाते. त्यातून आईला आठवड्यातून दोनदा मंचरला दवाखान्यात न्यायचे. हाताशी उसाच्या बिलाचे सहा लाख, त्यातला एक पुतणीच्या फीचा.

उंच गाडी आणि इंजिन एवढेसे, हे कोडे आम्हाला मिस्त्रींनी उलगडून सांगितले. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या आत असले, तर सरकारचा कर कमी. मग त्या लहान इंजिनाला जोर कुठून आणायचा? तर टर्बोतून! बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर एक भिंगरी फिरते, तिच्या जोडीची दुसरी भिंगरी इंजिनात हवा कोंबते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे, बरे का! २०१७ साली आलेली नेक्सॉन अशीच, १२०० सीसीच्या आतली. २०१९ ची एक्सयूव्ही ३०० ही तशीच. पहिली शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला बनते, दुसरी नाशकात बनत असे. म्हणजे दोन्ही आमच्या वाटेवरच्याच.

"डिझेल नको," मिस्त्री म्हणाले. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारी जाळी असते. लांब पल्ला नसला तर ती तुंबते. आमचा पल्ला मंचरपर्यंत!

पहिली गाडी पुण्यात एका दलालाकडे पाहिली. काय तिची चकाकी! बंधू तर बयाणा काढू लागले. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. गरम. "तुमच्यासाठीच चालू करून ठेवली होती," दलाल म्हणाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. आम्हाला घेऊन दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर झाले. थंड इंजिन सुरू होताच मागून निळसर धूर निघाला. टर्बोतून तेल झिरपत होते. ती दुरुस्ती म्हणजे पुतणीची फी गेलीच म्हणायची.

दुसरी गाडी मंचरच्या एका निवृत्त गुरुजींची. दारावर ओरखडा, टायर गुळगुळीत. बंधूंनी नाक मुरडले. गुरुजींनी आम्हाला घाटापर्यंत फिरवून आणले, दारात गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवून नातवाच्या गोष्टी सांगत बसले. बंधू माझ्या कानाशी लागले, "म्हातारा पेट्रोल जाळतोय." मिस्त्री मात्र खुशीत आले. ताणून आलेली गाडी खटकन बंद केली की तेल फिरायचे थांबते आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल करपते. मिनिटभर धीर धरणारा मालक भेटणे कठीण! गुरुजींनी तेलबदलाच्या पावत्यांची पिशवीही पुढे ठेवली, तारीखवार. वडील जसे विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत, तसे आम्ही त्या पिशवीकडे पाहिले.

गुरुजींनी सव्वासहा मागितले. नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, मग जुनीचा भाव तोच कसा? गुरुजी गणिताचे निघाले, पाचावर उतरले. पण कर्ज फिटूनही आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता! बँकेचा ना-हरकत दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म येईपर्यंत आम्ही लाखभर रुपये हातात ठेवले. गुरुजी जरा रुसले. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मांवर सही मात्र त्यांनी वळणदार केली.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आई ओट्यावर ताट घेऊन उभी. बंधू आतच बसून.

"उतरत का नाहीस रे? निरांजन विझायला लागलंय!"

"मिनिटभर थांब ना, आई."