आई-बाबांना तिकडं नेणार? आधी पगार सांगा!



प्लेसमेंटचे दिवस आले की होस्टेलच्या गच्चीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एकदा बाहेर सेटल झालो ना, की आई-बाबांना तिकडंच नेणार!" मीसुद्धा हे दहा वेळा म्हटलंय. पण गेल्या सुट्टीत मलकापूरला घरी जाऊन आलो आणि तेव्हापासून हे वाक्य काही तोंडातून निघत नाही.

त्याचं असं झालं. माझा दादा दुबईला एसी दुरुस्तीचं काम करतो. आयटीआय झालेला. पाच वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा वहिनीला म्हणाला होता, "वर्षभरात तुला नेतो." वहिनी अजून मलकापुरातच आहे. पुतणी चार वर्षांची झाली. या वेळी दादा सुट्टीवर आला, सोप्यात बसला होता. पोरगीनं वहिनीचा मोबाईल आणून दिला आणि म्हणाली, "बाबांना लाव की." बाबा समोरच बसलेला! सगळे हसले. दादा उठून मागच्या दारी गेला.

अडचण काय, तर पगार. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ साली नियम बदलला. त्याआधी कुटुंब आणायला हुद्दा बघत, ठरावीक कामं करणाऱ्यांनाच परवानगी मिळे. आता उत्पन्न बघतात. महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि वर कंपनीनं दिलेलं घर. दादाचा पगार ३,४००. कंपनीची खोली आहे, पण सहाजणांची. तिथं बायको-पोरीला कुठं ठेवणार? म्हणजे सगळं अडलंय ते ६०० दिरहमांवर.

हे आज्जीला समजावून सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. आजोबा मुंबईत गिरणीत होते. लालबागला एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीनं झोपायचं, जेवण खानावळीत. घाटावरच्या आणि कोकणातल्या हजारो कामगारांची हीच कथा. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते काय उगीच? बायका गावाकडं, म्हणून तर खानावळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो लांबला, आणि आजोबा कायमचे मलकापूरला आले. आज्जीचा संसार खऱ्या अर्थानं तेव्हा सुरू झाला. ती मला म्हणाली, "तवा खोली न्हवती, आता कागद न्हाय. बाईमाणसानं वाटच बघायची."

आता तुम्ही म्हणाल, दादा आयटीआयवाला, आपण इंजिनिअर. आपलं पॅकेज मोठं, आपल्याला काय फरक पडतो? मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून परत आल्यावर बसलो आणि आपल्या लाडक्या देशांचे नियम वाचून काढले.

पहिली अमेरिका. एच-वन-बी वर गेलात तर बायको किंवा नवरा आणि २१ वर्षांखालची मुलं सोबत नेता येतात. आई-वडिलांना कायमचं न्यायचं तर आधी स्वतः अमेरिकेचा नागरिक व्हायला लागतं. ग्रीन कार्डही पुरत नाही. नागरिक झाल्यावर १९९६ च्या कायद्याप्रमाणे हमीपत्र द्यायचं, आणि उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवायचं. तुम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघे धरले तर २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला सुमारे ४०,१८८ डॉलर. इंजिनिअरला हे जड नाही. कमी पडलं तर दुसरा कुणी जामीन राहू शकतो. पण ही हमी वर्षभराची नव्हे. ते नागरिक होईपर्यंत किंवा कामाची ४० तिमाही त्यांच्या नावावर लागेपर्यंत ती साधारणपणे मानेवर राहते.

दुसरा कॅनडा. आई-वडिलांसाठी सलग तीन वर्षांचं उत्पन्न दाखवा, तेही तिथल्या किमान उत्पन्नाच्या रेषेपेक्षा ३० टक्के जास्त. क्यूबेक सोडलं तर जबाबदारी २० वर्षांची! आणि एवढं करून नंबर लागेल असं नाही. २०२० मध्ये ज्यांनी नावं नोंदवली, त्यांच्यातूनच २०२१ ते २०२४ ची निमंत्रणं निघाली. नंतर आलेला नुसता बघत बसला.

तिसरं इंग्लंड, आणि माझा खरा राग इथं आहे. तिथं स्थायिक झालेल्या माणसाला परदेशातून नवरा किंवा बायको आणायची तर जुलै २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली. एप्रिल २०२४ मध्ये ती एकदम २९,००० झाली. पुढं ३८,७०० पर्यंत न्यायचा बेत होता, सरकार बदललं म्हणून थांबला. आता आपण इंजिनिअर, तर गणित करू. एप्रिल २०२४ मध्ये तिथं तासाचं किमान वेतन होतं ११.४४ पौंड. आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, एकही सुट्टी नाही. उत्तर येतं सुमारे २३,८००. म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या मजुरीवर माणूस वर्षभर पूर्ण वेळ राबला तरी तो बायको आणायला नालायक! शिवाय तिकडं येऊन बायको काय कमावणार, ते धरतच नाहीत. ती नर्स असो नाहीतर सॉफ्टवेअरवाली. २०१७ मध्ये हे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं किमान उत्पन्नाची अट बेकायदा ठरवली नाही, पण नियम करताना मुलांच्या हिताचा नीट विचार झाला नाही, असं सुनावलं. आई-वडिलांचं तर विचारूच नका. २०१२ पासून, त्यांना रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते आणि ती मायदेशात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं.

आता दुसरी बाजूही बघायला पाहिजे. तिथला करदाता म्हणतो, तुमची माणसं आणा, पण त्यांचा भार आमच्या अंगावर नको. हे मला पटतं. आपल्याकडंही मुलगी देताना मुलाची कमाई विचारतातच की! आलेला माणूस उपाशी राहू नये एवढी अट असावी. पण अट तेवढीच असावी. पोटापुरता पगार आहे का, हे विचारणं वेगळं, आणि श्रीमंत आहेस का, हे विचारणं वेगळं. दारिद्र्यरेषेशी बांधलेली आणि जामिनाची सोय असलेली अट मी समजू शकतो. किमान वेतनाच्या वर ठेवलेली अट म्हणजे गरिबानं संसार करू नये असं सांगणं झालं. आणखी एक. या सगळ्या तक्त्यांत आणणाऱ्याचा पगार मोजतात. पण आज्जीनं नातवंड सांभाळलं, बायको जवळ असल्यानं माणूस खचला नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

असो. नियम बदलणं आपल्या हातात नाही. पण वाचणं आहे ना? आपण जीआरई, आयईएलटीएसचे क्लास लावतो, बापाचं शेत तारण ठेवून कर्ज काढतो, युनिव्हर्सिटीचं रँकिंग पाठ करतो. त्याच बैठकीत तीन गोष्टी बघा. मी कुणाला आणू शकतो? त्यासाठी किती उत्पन्न लागतं? आणि जबाबदारी किती वर्षांची? इंग्लंडला मास्टर्सला जाणाऱ्यांनी तर नक्की बघा, कारण जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे आणि काही सरकारी शिष्यवृत्तीचे विद्यार्थी सोडले तर बाकीच्यांना जोडीदार सोबत नेता येत नाही. हे बघितल्याशिवाय घरी शब्द देऊ नका. आपण गच्चीवर सहज बोलून जातो, पण घरातली माणसं त्यावर वर्षं मोजत बसतात.

दादाला सोडायला मलकापूरच्या स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. कोल्हापूरची एसटी लागली. वहिनीनं या वेळी "कधी नेणार?" असं विचारलं नाही. घरी आल्यावर आईनं मात्र मला विचारलं, "तू शिकून तिकडं गेलास की आम्हाला नेशील न्हवं?"

मी म्हणालो, "आई, आधी नियम वाचतो, मग सांगतो."

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी